सोनटक्के काकूंचा गुरंदी बाजार

"बस न, कर्नलवर बस. तोवर मी मेमसाहेबात चहा ठेवते," असं सोनटक्के काकू म्हणाल्या आणि मी हातातली ट्रंक न ठेवता तशीच उभी राहिले. जबलपूरच्या चेरीतालमधल्या त्यांच्या घराची मागची खोली भाड्यानं घ्यायला मी आले होते. नोकरी नवी, गाव नवं, आणि ओळखपाळख नसलेल्या कर्नलवर बसायची माझी तयारी नव्हती.

कर्नल म्हणजे खिडकीशी ठेवलेली आरामखुर्ची होती. काळं शिसवी लाकूड, वेताची बैठक, आणि दोन्ही हातांच्या टोकांना पितळेची फुलं. मेमसाहेब ही निळ्या एनॅमलची किटली होती. भिंतीवरचं घड्याळ स्टेशनमास्तर होतं आणि ते नेहमी पुढं पळायचं. काकूंच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट असत, ते पूर्वी टेनिस खेळणाऱ्या कुणा मॅजिस्ट्रेटचे होते. त्यामुळे घाईच्या वेळी घरभर ऐकू यायचं, "अवो, मॅजिस्ट्रेट कुठं गेले? दिसून नाही राहिले."

त्या घरात वस्तूंना वस्तूंची नावं नव्हती. आधी ज्याची होती त्याचं नाव. मूळ मालक माहीत नसेल तर ज्याच्या हातून आली त्याचं. काकू म्हणायच्या, "आपण का बनवली काय ती? त्याहीनं वापरली, जपली, म्हणून आपल्याला भेटली. नाव ठेवाले काय जाते आपलं?"

मी सौसरची. वडील कापसाच्या जिनात हमाली करत. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिलीच, आणि ती नागपूरला मावशीच्या घरी धुणीभांडी करत घेतलेली. जबलपूरला केंद्र सरकारच्या कचेरीत मला कारकुनाची जागा मिळाली तेव्हा मनाशी एकच ठरवलं होतं, की आता सगळं नवं घ्यायचं. लहानपणी माझा फ्रॉक जुना, पाटी जुनी, पुस्तकं तर तीन घरं फिरून आलेली. कोऱ्या वस्तूचा वास मला कापराच्या वासाइतका पवित्र वाटायचा. आणि देवानं मला नेमकं नेऊन ठेवलं ते सोनटक्के काकूंच्या घरात, जिथं कोरं असं फक्त दर वर्षीचं कॅलेंडर यायचं.

काका तोफा बनवणाऱ्या सरकारी फॅक्टरीत चार्जमन, म्हणजे कामगारांवरचे देखरेखवाले, होते. ती एकाहत्तरच्या लढाईच्या आधीची वर्षं. फॅक्टरीचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा आणि संध्याकाळी तसाच, थोडा वाकून, परत यायचा. काका आले की बूट काढून थेट कर्नलवर बसत आणि डोळे मिटत. ते फार बोलत नसत. एकदा मात्र जेवताना पाट डुगडुगला तेव्हा मला म्हणाले, "दिवसभर फॅक्टरीत केसाइतका फरक चालत नाही. घरी आलो तर एका बी खुर्चीचा पाय दुसऱ्या पायाइतका नाही. मी कसा जगून राहिलो, लिहा तुम्ही कधी."

"लिहीन तं लिहीन ते. बी.ए. आहे ती," काकू म्हणाल्या. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. 'ए बी.ए.' म्हणत. गल्लीतल्या बायकांना सांगत तेव्हा मात्र 'आमची बी.ए.' असं म्हणत, आणि ते मला भिंतीपलीकडून ऐकू येई.

दर रविवारी सकाळी काकू गुरंदीत जात. गुरंदी म्हणजे जबलपूरचा जुन्या सामानाचा बाजार. छावणीतल्या साहेबांची बदली झाली, रेल्वेतलं एखादं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं, कुणी मेलं, कुणाचं लग्न मोडलं, की त्यांच्या घरातलं उरलेलं फिरत फिरत तिथं यायचं. कपबश्या, घोड्यांची खोगिरं, दुर्बिणी, एकटा बूट, ग्रामोफोनचे कर्णे. पहिल्यांदा मी काकूंबरोबर गेले ती केवळ भिडेखातर. जाताना त्यांनी बजावलं, "तिथं तोंड उघडायचं नाही. अन् जे आवडलं त्याच्याकडं पाहाचं नाही."

"मग घ्यायचं कसं?"

"जे नाही पाहिजे त्याचा भाव विचाराचा."

मुन्नेमियाँच्या दुकानात मी हे विसरले. तिथं एक टेबल होतं, हिरवं कापड लावलेलं, तीन खणांचं. जन्मात मी टेबलाशी बसून अभ्यास केला नव्हता. माझ्या तोंडून "अगं बाई, किती छान" निघून गेलं. मुन्नेमियाँ हाडकुळा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. दुकानाच्या मधोमध, जुना गालिचा टाकलेल्या आपल्या बैठकीवर मांडी घालून बसलेला असायचा. तो तिथूनच हसला आणि टेबलाचा भाव सांगितला. तो ऐकून काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं आमचे गणिताचे मास्तर फळ्यावरचं चुकलेलं उत्तर पाहायचे.

मग त्यांनी खरी विद्या दाखवली. टेबलाकडं पाठ केली. एका फुटक्या कंदिलाचा भाव विचारला, मग घोड्याच्या लगामाचा. मग पोपटाच्या पिंजऱ्यावरून अर्धा तास वाद घातला. पिंजरा चपटा आहे, पोपटाची मान लचकेल, तुझ्या पोपटानं कधी तक्रार केली होती का, अशी ती भाषा. शेवटी निघता निघता, पदर सावरत, "और ये लकड़ी का ठेला किसलिए रखा है, रास्ता रोकता है."

"टेबल है, बाई साब. पादरी साहब का."

"टेबल? इसके पाय तो पादरी साहब से भी पुराने हैं." असं म्हणून त्यांनी टेबल आडवं केलं, मग उलटं केलं आणि खालून बोटं फिरवली. काकू कुठलीही वस्तू उलटी केल्याशिवाय घेत नसत. वरून सगळंच चकाकतं, खाली पाहिलं की कळतं, असं त्या सांगत. पादरीसाहेब त्या दिवशी आमच्याकडं आले. हे लिहिते आहे तेही त्यांच्यावरच.

मुन्नेमियाँ हरला की दर वेळी एकच गोष्ट काढायचा. "बाई साब, उस कर्नल की कुर्सी में आपने मुझे लूट लिया था. आज तक नींद नहीं आती." आणि काकू दर वेळी म्हणायच्या, "तो क्या हुआ, बैठकी तो है तेरे पास. उसी पर जागता रह."

हे सगळं मौजेचं वाटत होतं. तरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाजारात कुठं हार्मोनियम दिसली की काकूंचा आवाज एक पट्टी खाली यायचा. त्या आधी दहा वस्तूंचे भाव करत, मग सहज केल्यासारखं ती पेटी उलटी करत, बुडाकडं पाहत आणि ठेवून देत. परत येताना त्या दिवशी बोलणं कमी. मी एकदा विचारलंच, "काकू, तुम्हाला पेटी घ्यायची आहे का?"

त्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "घ्याची नाही. माही आहे, ते शोधून राहिली."

त्यांच्या थोरल्या भावाची पेटी होती ती. भाऊ शाळेत गाणं शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी बहिणीला. लग्न होऊन काकू जबलपूरला आल्या तेव्हा त्यानं पेटी बरोबर दिली आणि चाकूच्या टोकानं तिच्या बुडाशी 'इंदू' असं कोरलं, म्हणजे सासरी कुणी आपली म्हणू नये. मग मोठी लढाई सुरू झाली, जर्मनीची. भाऊ फौजेत कारकून म्हणून गेला आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठंतरी राहिला तो राहिलाच. तार आली तेव्हा काकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी होत्या. परत आल्या तर पेटी नव्हती. सुनेनं पेटी वाजवणं सासूबाईंना पटत नव्हतं. त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकली होती, आणि भंगारवाल्यानं ती गुरंदीत कुणाला तरी विकली होती.

"मग तेव्हाच बाजारात विचारायचं ना, पेटी कुठं आहे म्हणून."

"कोणाले विचारू? सासूच्या कानावर गेलं असतं तं? मी कढई घ्याच्या निमित्तानं जाऊ. कधी चाळणी. पेटीचं नावच नाही काढलं. अन् मग, तुले सांगतो बी.ए., चाळणी घेता घेता मजाच याले लागली. शोधाले गेली अन् नादी लागली."

सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण काकूंची ती सवय तशीच राहिली होती. गुरंदीतल्या एकाही दुकानदाराला माहीत नव्हतं की ही बाई इतकी वर्षं येते ती कशासाठी. मी म्हटलं, आता तरी सांगा. मुन्नेमियाँला सांगा, तो शोधून काढेल. काकूंना ते अगदी बाळबोध वाटलं. "त्याले सांगू? उद्याच दहा पेट्या आणून ठेवीन अन् दहाहीवर 'इंदू' कोरलेलं राहीन."

बाबागाडीची गोष्ट इथं सांगायला हवी, कारण पुढं तिचं काम आहे. रेल्वेच्या वसाहतीतलं एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचं कुटुंब देश सोडून निघालं होतं आणि फाटकाशी सामान मांडून विकत होतं. काकूंनी तिथं मटण कापायच्या यंत्राचा भाव विचारला, मग पोहायच्या टोपीचा, मग भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याचा. घरात माळकरी नवरा. शेवटी बाबागाडी. मोठी चाकं, काळं उघडमीट करणारं छत, आत मखमल. ड्रायव्हरीणबाई काकूंच्या पांढऱ्या होत आलेल्या केसांकडं पाहत म्हणाल्या, "बेबी के लिए?"

"नहीं, कद्दू के लिए," काकू म्हणाल्या.

आणि तसंच झालं. त्या दिवसापासून गाडीच्या रूपातल्या ड्रायव्हरीणबाई काकूंबरोबर भाजीला जाऊ लागल्या, दळणाला जाऊ लागल्या, आणि रविवारी गुरंदीत. रस्त्यातल्या बायका हौसेनं आत वाकून पाहत. आत कधी भोपळा असे, कधी सतरंजीत गुंडाळलेला पंखा. एकदा घड्याळ होतं आणि कुणीतरी वाकताच त्यानं टोले दिले. ती बाई दचकून मागं सरली. छत मात्र काकू कधी वर करत नसत. "सामानाले कशाचं ऊन लागते," म्हणायच्या.

मग लढाई सुरू झाली. घरोघर काचांना काळे कागद लागले. काका दोन-दोन पाळ्या करून येऊ लागले आणि कर्नलवर बसल्या बसल्याच झोपी जाऊ लागले, इतके की काकू त्यांच्या हातातला घास काढून ताटात ठेवत. रविवार आला. काकूंनी मॅजिस्ट्रेट पायांत चढवले. मी म्हटलं, "अहो, लढाई चालू आहे."

"म्हणूनच तं. लोक सामान विकून गावी चालले. अशा वेळी एखाद्याच्या माळ्यावरची वस्तू खाली येते."

गुरंदीत निराळाच गोंधळ होता. दुकानांपुढच्या मोकळ्या जागेत खंदक खणायचे होते, म्हणून आतला-बाहेरचा सगळा माल संध्याकाळच्या आत हलवायचा हुकूम झाला होता. मुन्नेमियाँ जन्मात पहिल्यांदा उभा दिसला. चहूकडं कर्णे आणि कंदील पडलेले, मध्ये तो घामाघूम. काकूंना पाहून म्हणाला, "बाई साब, आज भाव-ताव नहीं. आज आप अपनी गाड़ी उधार दे दो. मेरे घर तक सामान पहुँचाना है."

काकूंनी गाडी दिली. कंदील गेले, तसबिरी गेल्या. शेवटी तो म्हणाला, "अब मेरी बैठकी." आणि ज्याच्यावर तो रोज मांडी घालून बसायचा त्या बैठकीवरचा गालिचा त्यानं ओढून काढला. खाली लाकडी खोका होता. काकूंनी आणि त्यानं तो उचलून गाडीत घालायला घेतला, तो आडवा बसेना. मुन्नेमियाँनं झाकण उघडून आतली वस्तूच बाहेर काढली. पेटी होती. भाता उंदरांनी खाल्लेला, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. "अब्बा के ज़माने से पड़ी है. बजती नहीं थी, तो मैंने बैठने का काम ले लिया," असं म्हणत त्यानं ती गाडीत बसावी म्हणून उलटी केली.

काकूंनी सवयीनं बुडाकडं पाहिलं. मीही पाहिलं. धुळीत 'इं' स्पष्ट होतं, 'दू'चा उकार झिजला होता.

मला वाटलं, आता काकू ओरडतील किंवा खाली बसतील. त्यांनी पदर सावरला, पेटीकडं पाठ केली आणि म्हणाल्या, "वो कंदील कितने का?"

"कंदील तो घर गया, बाई साब. आप ही की गाड़ी में गया."

"अच्छा. तो वो पिंजरा?"

"पिंजरा आपने ही मना किया था. कब का बिक गया."

काकूंनी इकडंतिकडं पाहिलं. विचारायला काहीच उरलं नव्हतं. दुकान रिकामं होतं. त्यांचा हात मात्र मागं, पेटीच्या कडेवर होता. मुन्नेमियाँ पेटीवर गालिचा टाकू लागला. "चलिए, धकेलिए. ये मेरी बैठकी है, इसको आख़िर में ही रखता हूँ."

"ये बेचते क्या?" काकूंचा आवाज बारीक झाला होता.

"ये बिकाऊ नहीं है. इस पर बैठने से बरकत है."

मग काकूंनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. हव्या असलेल्या वस्तूकडं सरळ पाहिलं. म्हणाल्या, "मुन्नेमियाँ, ये पेटी मेरी है. मेरे भाई ने दी थी. नीचे मेरा नाम है. मी..." आणि पुढचं त्यांना हिंदीत येईना. "मी हिलेच शोधाले येत होती रे. एवढी वर्षं."

मुन्नेमियाँनं गालिचा बाजूला केला. पेटी पुन्हा उलटी केली, बाहीनं धूळ पुसली. त्याला देवनागरी वाचता येत होतं. कोरलेल्या अक्षरांवरून त्यानं बोट फिरवलं. मग म्हणाला, "तो पहले काए नहीं बोलीं?"

"भाव बढ़ाता तू."

"बढ़ाता," तो कबूल झाला. "बढ़ाता तो ज़रूर. पर बाई साब, मिल तो जाती."

त्यावर काकू जे हसायला लागल्या ते थांबेचनात, हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले आणि मुन्नेमियाँ गालिच्याच्या टोकानं आपली दाढी पुसू लागला. एवढी वर्षं त्यांनी त्या दुकानातली एकूण एक वस्तू उलटी करून पाहिली होती, फक्त दुकानदाराला उठवलं नव्हतं.

पैसे त्यानं घ्यायला नकार दिला. पण तो मुन्नेमियाँ होता. "मैं बैठूँगा किस पर?" असं त्यानं विचारलं, आणि आकाशाकडं पाहत राहिला. काकू समजल्या. बराच वेळ त्याही आकाशाकडं पाहत राहिल्या.

चेरीतालला येताना पेटी गाडीत होती. त्या दिवशी पहिल्यांदा काकूंनी गाडीचं छत वर केलं. कोपऱ्यावरच्या बाईनं वाकून पाहायचा प्रयत्न केला तेव्हा म्हणाल्या, "पाहू नको, उन्हातून आलं आहे."

मागून मुन्नेमियाँचा हातठेला आला. काका दुहेरी पाळी करून आलेले, कर्नलवर घोरत होते. काकूंनी त्यांचा खांदा हलवला. "उठा. कर्नलची बदली झाली."

"कुठं?"

"गुरंदीले."

काकांनी एक डोळा उघडून बायकोकडं पाहिलं, दुसरा उघडून गाडीकडं. उठून त्यांनी पेटी हातात घेतली, उलटी केली, चष्मा लावून वाचलं. मग खुर्ची स्वतः उचलून ठेल्यावर नेऊन ठेवली आणि येऊन जमिनीवर, भिंतीला टेकून, पुन्हा झोपले.

लढाई संपल्यावर काकांनी सवडीनं पेटीचा भाता केला. चामडं एका पोस्टमनच्या जुन्या पिशवीचं, अर्थात गुरंदीतूनच आणलेलं. काही सूर लागले, काही अखेरपर्यंत मुकेच राहिले. काकू रविवारी बाजाराला निघण्याआधी जरा वाजवायच्या. मुका सूर आला की तेवढा तोंडानं म्हणायच्या.

मला उत्सुकता होती ती नावाची. त्या घरात ही एकच वस्तू होती जी काकूंची स्वतःची, भावाच्या हातची. तिला आता इंदू म्हणायचं, की दादा म्हणायचं? एका सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "ए बी.ए., मुन्नेमियाँले जरा बाहेर आण. अन् हळू, त्याचा भाता नवा आहे."

मी म्हटलं, "काकू, पेटी तर दादांची ना?"

"होय न. पण दादानं दोन वर्षं वाजवली, मी तीन. अन् तो माणूस एवढी वर्षं तिच्यावर बसून राहिला. दुसरं कोणी राहिलं असतं तं चुलीत घातली असती."

पुढच्या वर्षी माझी नागपूरला बदली झाली. पादरीसाहेब माझ्याबरोबर आले. जबलपूरला पुन्हा जाणं झालं ते बऱ्याच काळानं, कचेरीच्याच कामासाठी, आणि रिक्षा गुरंदीवरून जात होती. रविवार होता. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.

मुन्नेमियाँच्या दुकानात, पितळी फुलांवर दोन्ही हात ठेवून, कर्नलवर मुन्नेमियाँ बसला होता. दाढीची मेंदी आता फिकी झाली होती. समोर बाबागाडी, आणि गाडीशी काकू. केस पूर्ण पांढरे झालेले, पायांत बूट मात्र तेच. आवाज रस्त्यापर्यंत येत होता. कुठल्याशा तराजूवरून भांडण चाललं होतं. तराजू झाला, मग छत्री झाली, मग एक चपटा पिंजरा. काकू प्रत्येक वस्तू उलटी करत होत्या, खाली ठेवत होत्या, पुढच्या वस्तूकडं वळत होत्या.

हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाजारात तोंड उघडायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. मी फक्त त्यांच्या नजरेकडं पाहत राहिले. तराजूकडं त्यांनी निरखून पाहिलं, छत्रीकडं पाहिलं, पिंजऱ्याकडं पाहिलं, छपराकडंसुद्धा पाहिलं.

मुन्नेमियाँ ज्या खुर्चीवर बसला होता तिच्याकडं मात्र एकदाही नाही.